आईच्या जागी मावशी

माझी आई आणि माझी मावशी जुळ्या आहेत. आई काही मिनिटांनी थोरली, आणि त्या काही मिनिटांचा रुबाब ती जन्मभर गाजवत आली आहे. मावशी तिला ताई म्हणते, आई मावशीला छोटी म्हणते, आणि दोघी मिळून चष्म्याचं दुकान चालवतात. आई आतल्या अंधाऱ्या खोलीत गिऱ्हाइकांचे डोळे तपासते. मावशी बाहेर काउंटरवर फ्रेमा बसवते, दांड्या वाकवते, नाकावरच्या गाद्या बदलते आणि तेवढ्या वेळात माणसाचं सगळं घरदार विचारून घेते. नवं गिऱ्हाईक आतून डोळे तपासून बाहेर आलं, की काउंटरवर पुन्हा तीच बाई पाहून दचकतं. "घाबरू नका, डोळे ठीक आहेत तुमचे, आम्ही खरंच दोघी आहोत," असं मावशी त्याला सांगते. हा विनोद ती मी शाळेत होते तेव्हापासून करते आहे, आणि दर वेळी आधी स्वतःच हसते.

दिसायला दोघी एकसारख्या असल्या, तरी स्वभावाने एक पूर्व आणि एक पश्चिम. आई मोजकं बोलते, सगळं वेळेवर करते आणि मनातलं मनात ठेवते. मावशीच्या पोटात काही राहत नाही. फक्त एक खोड दोघींना सारखी होती, एकमेकींच्या जागी जायची. शाळेत मावशीला गणित जमायचं नाही, तर आईने दोघींचे पेपर सोडवले. आईची सुई पाहूनच पाचावर धारण बसायची, तर शाळेत लस टोचायला आले तेव्हा मावशी रांगेत दोनदा उभी राहिली आणि दोन्ही दंड सुजवून घरी आली. बाबा आईला पहिल्यांदा भेटायला आले, तेव्हाही सुरुवातीला मावशीच त्यांच्याशी बोलली म्हणे. आई मागाहून धीर करून आली, तीही कप विसळायच्या निमित्ताने. बाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण हा किस्सा ते स्वतः रंगवून सांगायचे.

आजी, म्हणजे या दोघींची आई, स्तनाच्या कर्करोगाने गेली. गाठ हाताला लागत होती तरी ती मूग गिळून बसली. डॉक्टरकडे नेलं तेव्हा फार उशीर झाला होता. शेवटी तिचं सगळं आईने केलं. मावशी दुकान सांभाळायची आणि आई आजीची जखम धुवायची. मी तेव्हा कॉलेजात होते. त्या आजारपणातून मी एक धडा घेतला आणि आईने दुसरा. वेळच्या वेळी तपासलं असतं तर आजी वाचली असती, असं मला वाटायचं. आजी कळल्यामुळे गेली, असं आईच्या मनाने घेतलं होतं. कळेपर्यंत आजी हिंडती-फिरती होती, आणि कळल्यावर अंथरुणाला खिळली. आईने पाहिलं ते एवढंच.

माझ्या नाकावर राग असतो हे मी कबूल करते. माझं लग्न होऊन मी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेले, तरी फोनवरून दोघींच्या मागे लागायचं सोडलं नाही. आजीला झालं होतं म्हणजे तुम्हा दोघींना जास्त जपायला हवं, दर वर्षी मॅमोग्राफी, म्हणजे छातीचा तो खास एक्स-रे फोटो, झालीच पाहिजे, सबब चालणार नाही. मी आधी भांडले, मग रुसले, मग सरळ तपासणी केंद्राला फोन करून वेळा ठरवून टाकल्या. दुकान बंद ठेवायला दोघी तयार नव्हत्या, म्हणून एका मंगळवारी आई आणि पुढच्या मंगळवारी मावशी, असं ठरलं. पुढे ते अंगवळणीच पडलं. दर वर्षी ठरल्या महिन्यात दोन मंगळवार, दोन रिपोर्ट, दोन्ही चांगले. दोघींच्या रिपोर्टात उजव्या बाजूच्या कुठल्याशा जुन्या, निरुपद्रवी ठिपक्याचा उल्लेख असायचा. जुळ्यांचं सगळंच मेलं सारखं, म्हणून मी तो चारचौघींत कौतुकाने सांगायचे.

या वर्षी मावशी दुकानाची पाटी पुसायला स्टुलावर चढली आणि पडली. पाय मोडला. गुडघ्याच्या वरपर्यंत प्लास्टर घातलं. मी रजा काढून त्यांच्याकडे राहायला गेले. प्लास्टरवर गिऱ्हाइकांच्या सह्या घ्यायला मावशीने सुरुवातही केली होती.

तपासणीचा महिना आला तसा मावशीचा चेहरा पडला. "या वर्षी राहू दे गं," ती मला म्हणाली. "माझा पाय असा. पुढच्या वर्षी दोघींचं करू."

"तुझा पाय मोडलाय, आईचा नाही," मी म्हटलं. "आईचं या मंगळवारी. मीच घेऊन जाते."

"दुकान कोण बघेल?"

"दुकान अर्धा दिवस बंद राहील. आभाळ कोसळणार नाही."

आई स्वयंपाकघरात काकडी चिरत होती. तिने मान वर केली नाही. नंतर बघितलं तर काकडीचे इतके बारीक तुकडे झाले होते, की ते चमच्याने खावे लागले.

मंगळवारी सकाळी आईने घर सोडायला शक्य तितका उशीर केला. गॅस दोनदा तपासला, खिडक्या लावल्या, पुन्हा उघडल्या. मावशी पलंगावरून तिच्याकडे बघत होती आणि तिचं एकही वाक्य पुरं होत नव्हतं. माझी चिडचिड झाली. दर वर्षी जाऊन येणाऱ्या बाईने आज एवढे नखरे करायचं कारण काय, हे मला कळेना.

केंद्रात गेल्यावर आई दारातच घुटमळली. कपडे बदलायची खोली कुठे, हे तिला माहीत नव्हतं. फोटो काढणारी मुलगी बाहेर आली आणि ओळखीचं हसली. "या काकू! मागच्या वेळी तुम्ही मला इतकं हसवलंत आणि स्वतःही इतक्या हसलात, की फोटो हलला आणि पुन्हा काढावा लागला होता. आठवतंय ना?"

आईने मान हलवली. माझ्या आईने कधी कोणाला फोटो हलेपर्यंत हसवलं असेल, हे मला पटेना. आई आत गेली. बाहेर आली तेव्हा तिचा रंग पार उडाला होता. तिने माझा हात धरला आणि सोडला नाही. हात गार पडला होता. तेव्हा माझा राग थोडा उतरला.

फोटो झाला की घरी जायचं असतं, असं मला माहीत होतं. पण त्या मुलीने आम्हाला थांबायला सांगितलं आणि थोड्या वेळाने डॉक्टरबाईंनी आत बोलावलं. त्यांच्यापुढच्या पडद्यावर दोन फोटो शेजारी शेजारी लावलेले होते.

"काकू, गेल्या वर्षभरात तुमचं काही ऑपरेशन झालंय का? उजव्या बाजूला?" त्यांनी विचारलं.

"नाही," आई म्हणाली.

"नक्की ना? कारण हे बघा." त्यांनी जुन्या फोटोतल्या एका पांढऱ्या ठिपक्यावर पेन्सिलीचं टोक ठेवलं. "जुनी, साधी गाठ असते, तिच्यात कधी कधी चुना साचतो. त्याचा त्रास काही नाही. पण तो कुठे जातही नाही, एकदा आला की जन्माचा सोबती. तुमच्या आधीच्या सगळ्या फोटोंत तो आहे. आजच्या फोटोत नाहीच."

"मशीन बिघडलं असेल," मी म्हटलं. मला काय कळतंय, पण बोलल्याशिवाय राहवतं थोडंच.

"मशीन ठीक आहे," डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या. "हे दोन फोटो एका बाईचे नाहीत."

आई मांडीवरच्या हातांकडे बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "आधीचे माझे नाहीत. ते माझ्या बहिणीचे आहेत. आम्ही जुळ्या आहोत. दर वर्षी ती यायची. तिच्या मंगळवारी आणि माझ्याही."

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय, ते मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या समजलं. मी काहीतरी ओरडलेही असेन, कारण बाहेरची मुलगी डोकावून गेली. डॉक्टरबाईंनी मला एका हाताने थांबवलं आणि खुर्ची आईकडे वळवली.

"काकू, मी रागावत नाहीये. पण मला तुम्हाला खरं सांगावं लागेल. आमचं अर्धं काम आजचा फोटो बघायचं असतं आणि अर्धं तो आधीच्या फोटोंशी ताडून बघायचं. म्हणून तर दर वर्षी या म्हणतो. तुमच्या डाव्या बाजूला ही एक बारीक सावली आहे. हाताला लागणार नाही एवढी. गेल्या वर्षी ती होती का, हे मला बघायचंय, आणि गेल्या वर्षीचा तुमचा फोटोच माझ्याकडे नाही. ती आत्ता आली की बरेच दिवस आहे, हे मला सांगता येत नाही. तेव्हा सुईने तिथला छोटा तुकडा काढून तपासू. उद्याच करू."

सुई म्हटल्यावर आई उठूनच उभी राहिली.

घरी येईपर्यंत मी तोंड उघडलं नाही; उघडलं असतं तर रस्त्यात तमाशा झाला असता. मावशी दाराकडे डोळे लावून बसली होती. तिने आईचा चेहरा पाहिला आणि तिला काही सांगावं लागलं नाही.

"सापडलं?" तिने विचारलं.

मग मात्र माझा बांध फुटला. अंगाचा तिळपापड होणं म्हणजे काय ते त्या खोलीने पाहिलं. "तू दोन दोन मंगळवार जाऊन स्वतःचेच फोटो काढून आलीस? आणि मला रिपोर्ट वाचून दाखवत होतीस? हा काय गणिताचा पेपर होता? आजीला बघूनही तुम्हा दोघींना अक्कल आली नाही?"

माझा दम संपल्यावर मावशी म्हणाली, "पहिल्या वर्षी ती गेली होती गं. फाटकापर्यंत. तिथून परत आली आणि दुकानातल्या त्या अंधाऱ्या खोलीत जाऊन बसली. बाहेर गिऱ्हाईक उभं, आणि ही आत थरथर कापतेय. मला म्हणाली, छोटे, मला आईसारखं व्हायचं नाही, मला कळायलाच नको. मी म्हटलं, रडू नकोस, मी जाऊन येते तुझ्या नावाने. आपलं अंग एकच आहे. माझं ठीक, तर तुझंही ठीक." तिने डोळे पुसले. "मला खरंच तसं वाटत होतं. दर वेळी तिथून बाहेर पडले, की वाटायचं, ताईवरचं या वर्षीचं संकट मी टाळून आले. आनंदाने यायचे गं मी घरी."

याच्यावर रागावायचं कसं, ते मला कळेना. मी लहानपणी या बाईच्या कडेवर वाढले. तिने मला चष्म्याच्या काचा पुसायच्या मऊ फडक्याने नाक पुसून वाढवलंय. ती माझ्या आईला मरणाच्या दारात नेऊन उभी करत होती, आणि ते तिने मायेपोटी केलं होतं.

आई खिडकीपाशी उभी होती. ती म्हणाली, "उद्या मी जाणार नाही. आहे ते राहू दे. आईला सुया टोचल्या, कापलं, जाळलं, शेवटी काय झालं? मला कळायला नको होतं. आता कळलंय तेवढं पुरे."

मी तोंड उघडणार होते. मावशीने हात वर करून मला गप्प केलं. मग तिने प्लास्टरचा पाय दोन्ही हातांनी उचलून पलंगाखाली सोडला. वेदनेने तिचा चेहरा वेडावाकडा झाला, पण ती पलंगाच्या कडेला सरळ बसली.

"ताई, इकडे बघ. तुझी लस मी टोचून घेतली. तुझ्या नवऱ्याशी आधी मी बोलले. तुझे फोटो मी काढले. उद्याची सुई मला टोचून घेता येत नाही. मी तुझ्या जागी जाऊन बसले तर त्या माझाच तुकडा काढतील, आणि तो चांगला निघेल, आणि तू मरशील." तिने आईकडे हात केला. "आईच्या पोटातसुद्धा मी एकटी नव्हते. मला एकटीला राहता येत नाही गं. मला कुणी शिकवलंच नाही ते. तू घाबर, रड, ओरड, मला शिव्या दे, पण जा. माझ्यासाठी जा."

मावशी विनोद न करता एवढं सलग बोललेली मी पहिल्यांदाच ऐकत होते. आई खिडकीपासून हलली. तिने पुढे होऊन मावशीचा पाय परत पलंगावर ठेवला, त्याखाली उशी सारली, उशी नीट झाली नाही म्हणून पुन्हा काढून सारली.

"रडू नकोस," ती म्हणाली. "पाय ठणकेल." मग माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "उद्या किती वाजता निघायचं?"

तिथून पुढचे दिवस आमचा जीव टांगणीला लागला होता. सुई टोचताना आईने माझा हात इतका घट्ट धरला, की माझ्या बोटावर अंगठीचा वळ उठला. रिपोर्ट आला. कर्करोगच होता. ते ऐकून मला आजीची खोली, तिथला औषधांचा वास, सगळं एकदम आठवलं. आईलाही तेच आठवत असणार. पण डॉक्टरबाईंनी पुढचं लगेच सांगितलं. गाठ लहान होती, बाहेर पसरलेली दिसत नव्हती, तेवढा भाग काढून मग काही आठवडे किरणांचे उपचार आणि गोळ्या घेतल्या की भागणार होतं. आईचं पूर्वीचं सगळं आयुष्य तिला परत मिळायची चांगली आशा होती.

मला राहवलं नाही. मी विचारलं, "गेल्या वर्षी तिचा खरा फोटो काढला असता तर?"

"कदाचित आणखी लहान असताना सापडली असती. कदाचित नसतीही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ते आता कोणीच सांगू शकणार नाही. पण हाताला लागेपर्यंत थांबला असतात, तर आज मी तुमच्याशी वेगळं बोलत असते."

"आणि माझ्या बहिणीचं?" आईने विचारलं. "आईला होतं, आता मला निघालं. तिचं काय?"

डॉक्टरबाई पहिल्यांदा हसल्या. "त्यांचं दर वर्षी करत राहायचंच. पण आजवरचं म्हणाल, तर त्यांच्याइतकी तपासलेली बाई आमच्याकडे दुसरी नाही." आईला हसू आलं, आणि हसता हसता ती रडायला लागली. मी तिला रडू दिलं.

ऑपरेशन झालं. रोग आधी पसरतो त्या काखेतल्या ग्रंथीही तपासल्या, त्या स्वच्छ निघाल्या. ते कळल्यावर आमच्या जिवात जीव आला आणि मी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून पोटभर रडून घेतलं. आई घरी आली तोवर मावशीचं प्लास्टर निघालं होतं. ती काठी टेकत चालायची. ऑपरेशनचं ड्रेसिंग बदलायला मी शिकून आले होते, पण मावशीने मला जवळ फिरकू दिलं नाही.

"तू धसमुसळी आहेस," ती म्हणाली. "टॉवेल घेऊन ये नुसता."

मी टॉवेल घेऊन आले तेव्हा आई आरशाकडे पाठ करून पलंगावर बसली होती. मावशीने काठी भिंतीला लावली, साबणाने हात धुतले आणि चष्म्याची नाजूक दांडी वाकवताना धरते तसा श्वास धरून पट्टी सोडवायला घेतली. पट्टी निघाली. डाव्या बाजूला टाक्यांचं एक लालसर वळण होतं आणि त्याच्या खाली अंग थोडंसं बसलं होतं. मावशी बघत राहिली. इतकी वर्षं आरशात बघताना आणि ताईकडे बघताना तिला एकच बाई दिसत आली होती.

"फार वाईट दिसतंय का?" आईने विचारलं.

मावशीने नाही म्हणून मान हलवली. आईने तिचा ओला हात धरला आणि उचलून त्या वळणाच्या शेजारी, जिथे दुखत नव्हतं तिथे ठेवला.

"छोटे, आता माझ्या जागी तुला कोणी आत घेणार नाही."

"नाही घेणार," मावशी म्हणाली.

"मलाच जावं लागेल. दर वर्षी."

"जाशील ना?"

आईने खोटं बोलायचं नाही असं ठरवलं असावं.

"भीती वाटेल," ती म्हणाली. "पण जाईन. तू बाहेर बाकावर बसशील?"

"बसेन."

"आत यायचं नाही. बोलायचं नाही त्या मुलीशी. फोटो हलतो."

"नाही बोलणार," मावशी म्हणाली आणि आईच्या खांद्यावर डोकं टेकून हुंदके देऊन रडायला लागली. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मी टॉवेल घेऊन दारातच उभी होते.